ठकूआजी मोजत नाहीत

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अध्यक्षा माणसं मोजत नाहीत. सभा असो, डोळे तपासणीचं शिबिर असो, नाहीतर नुसता चहा असो, "आजी, किती जण आलेत?" असं विचारलं की उत्तरं दोनच. "समदी हायेत." किंवा "दोन न्हाईत." आलेल्यांचा आकडा काही केल्या सांगणार नाहीत. न आलेले मात्र कधी चुकणार नाहीत.

मी एकदा वैतागून म्हटलं, "आजी, अध्यक्ष आहात तुम्ही. आकडा लागतो."

"आकडा मटक्याला लागतो," आजी म्हणाल्या आणि त्यांनी तंबाखूची डबी उघडली.

नाव ठकूबाई मरगळे. जन्म ताम्हिणीच्या अलीकडच्या डोंगरातल्या धनगरवाड्यावर. जन्मतारीख आधार कार्डावर एक जानेवारी. आमच्या संघातले निम्मे लोक एक जानेवारीला जन्मलेले आहेत. त्या दिवशी मुळशी तालुक्यात कुणी दुसरं काही करतच नव्हतं असं दिसतं. आयुष्य शेळ्यांमागं गेलं. आता शेळ्या नाहीत, पण काठी आहे, आणि ती पाठीशी आडवी धरून, एक पाय दुसऱ्या पायाच्या गुडघ्याशी टेकवून उभं राहायची सवय आहे. बगळा असा उभा राहिला तर शोभतो. संघाच्या अध्यक्षा प्रमुख पाहुण्यांच्या स्वागताला अशा उभ्या राहिल्या की पुष्पगुच्छ कुठून पुढं करावा हे पाहुण्यांना कळत नाही.

संघ आहे पौड रस्त्यावर, भुकूम ओलांडलं की आतल्या एका वाडीत. वाडीचं नाव सांगत नाही, नाहीतर ग्रामपंचायतीची मंडळी माझ्या दारात येतील. मी मूळची जालन्याची. राहते मारुंजीत, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, आणि ज्येष्ठांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एका संस्थेत काम करते. लढणाऱ्या म्हणजे मुख्यतः पत्रकं छापणाऱ्या. माझं पहिलं पत्रक होतं, "ज्येष्ठांनो, जागे व्हा!" ते आजींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "पोरी, आमी चार वाजल्यापास्नं जागंच हाय. झोपंचं काय आसंल तर छाप."

माझं म्हणणं स्पष्ट आहे, आणि ते मी कुठंही सांगते. आपल्याकडं म्हाताऱ्या माणसांना शाल देतात. जिना चढता येत नाही, शाल. डॉक्टर नाही, शाल. निवडणूक आली, शाल आणि नारळ. एकट्या ठकूआजींकडं सतरा शाली होत्या. सतरा शाली देणाऱ्यांपैकी एकालाही संघाच्या खोलीसमोरच्या तीन पायऱ्यांना कठडा बसवावा असं वाटलं नाही. आजींनी त्या शालींची एक जाडजूड गोधडी शिवली. तिच्या एका कोपऱ्यावर एका आजी आमदाराचं आणि दुसऱ्या कोपऱ्यावर माजी आमदाराचं नाव आहे. "दोगं बी पायाकडं येत्यात," असं आजी सांगतात.

त्या अध्यक्ष कशा झाल्या? संघात दोन पार्ट्या. एक गावातल्या जुन्या पुढाऱ्यांची, दुसरी टेकडीवरच्या नव्या सोसायटीत मुलांकडं राहायला आलेल्या निवृत्त साहेबांची. अध्यक्ष आमचाच, यावर दोन्ही पार्ट्या ठाम. तीन सभा मोडल्या. चौथ्या सभेत दाराशी सावलीला बसलेल्या ठकूआजींकडं कुणीतरी बोट दाखवलं. बाई आहे, निरक्षर आहे, बोलणार नाही, असा हिशेब दोन्ही बाजूंनी केला आणि एकमतानं हात वर झाले. त्या दोन्ही बाजू आता एकमेकींना दोष देतात.

कारण आजी दुसऱ्या दिवसापासून संघ राखायला लागल्या. राखायला हाच शब्द बरोबर आहे. आधी त्यांनी सगळ्यांना नावं ठेवली, शेळ्यांना ठेवतात तशी, अंगावरच्या खुणेवरून. माजी सरपंच झाले शिंगमोड्या. विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या, केसाला मेंदी लावणाऱ्या बाई झाल्या भोरी. आणि गावंडेकाका, अमरावतीचे, पाटबंधारे खात्यातले निवृत्त हेडक्लार्क, डोक्यावर एक केस नाही, ते झाले मुंडा. शिंगं नसलेल्या शेळीला मुंडी म्हणतात. काकांना पहिल्यांदा ते लागलं. मग एकदा आजी दोन दिवस आल्या नाहीत, तर काकाच दाराकडं बघत म्हणाले, "काऊन बाप्पा, मुंडा म्हणणारं कोणी दिसून नाही राहिलं."

माझं नाव वरडी. सारखी ओरडणारी ती वरडी. पगार दुसरीकडून घेते म्हणून "सावकाराची वरडी," असं पूर्ण नाव होतं. मी हरकत घेतल्यावर सावकार गळाला.

संध्याकाळी साडेपाचला संघ सुटतो. तेव्हा आजी फाटकाशी एका पायावर उभ्या राहून, कपाळावर आडवा हात धरून एकेकाला बघून सोडतात. शेवटचा माणूस गेला की मग त्या निघतात. मला आधी वाटायचं, अध्यक्षपद डोक्यात गेलंय, मुजरा घेतायत.

आता खोलीचं सांगते, कारण सगळं तिथंच अडलं. विरंगुळा केंद्राची ती खोली ग्रामपंचायतीची. सरपंचांच्या पुतण्याला तिथं व्यायामशाळा हवी होती. डंबेल्स त्यानं आधीच आणून कोपऱ्यात टाकले होते. आमची मंडळी ते पंख्याच्या वाऱ्यानं उडणाऱ्या पेपरवर ठेवायची. पंचायतीनं ठराव केला की दर महिन्याला तपासणी होईल, तपासणीला चाळीस ज्येष्ठ हजर पाहिजेत, एक जरी कमी भरला तर खोली व्यायामशाळेला. शाळेत पोरं कमी भरली तर मास्तरला विचारतात. इथं म्हाताऱ्यांनाच विचारणार. मी पत्रक काढलं. पत्रकानं काही झालं नाही. मग गावंडेकाकांनी नोंदवही आखली, लाल शाईच्या समासासकट, आणि मी मोजायला उभी राहिले.

"मोजू नगं," आजी म्हणाल्या.

"का? दृष्ट लागते?"

"ती तर लागतीच. पन तू आसं बघ. समज, तू चाळीस मोजल्यास आन चाळीस भरल्या. त्यात दुसऱ्याची एक घुसली आन आपली एक दरीत ऱ्हायली, तर? आकडा बराबर. शेळी मेली."

"आजी, ही माणसं आहेत."

"मंग तर आजूनच," आजी म्हणाल्या.

मी मनात म्हटलं, अंधश्रद्धा. आणि पहिल्या तपासणीला सदतीस भरले तेव्हा तीन सह्या मी केल्या. लपवत नाही. अन्यायाच्या अटीला खोटी सही हेच उत्तर आहे, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते मला इतकं पटलं की पुढच्या महिन्यातल्या सह्या मी चहा पिता पिता केल्या. ग्रामसेवक, ज्यांना गावात सगळे भाऊसाहेब म्हणतात, ते सह्यांवर पेन टेकवत चाळीसपर्यंत जायचे, डोकं वर करायचे नाहीत, चहा प्यायचे आणि निघायचे. कागद भरला की माणसं भरली.

तिसऱ्या तपासणीला भाऊसाहेब अकराला आले. मी आधीच मोजलं होतं, अध्यक्षांचा अंगठा वेगळा म्हणून त्या सोडून. एकोणचाळीस. कोण नाही ते बघितलं, तर गावंडेकाका. एक दिवस न चुकणारा माणूस, म्हणजे येतच असणार, रस्त्यात असेल. त्यांची सही अवघड, खाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. मी वरच्या पानावरून बघून हुबेहूब काढली. टिंबंसुद्धा दिली. मला त्या सहीचा थोडा अभिमानच वाटला.

भाऊसाहेबांनी चाळीस मोजले आणि वही अंगठ्यासाठी अध्यक्षांपुढं सरकवली. आजींनी अंगठा शाईला लावला, आणि तो तसाच हवेत धरून खोलीभर बघितलं.

"मुंडा न्हाई."

"आहेत आजी," मी म्हटलं. "बाहेर गेलेत. लघवीला."

"बाहीर गेला तर चप्पल कुटंय?"

दाराशी चपलांचा ढीग होता. चाळीस म्हाताऱ्यांच्या चपलांत एकाची नाही, हे या बाईनं बसल्या जागेवरून बघितलं होतं. मी त्यांच्या कानाशी वाकले. "आजी, अंगठा लावा. खोली जाईल."

"खोली कुटं जातीय? मुंडा गेलाय."

"कोण गेलंय?" भाऊसाहेबांनी त्या दिवशी पहिल्यांदा डोकं वर केलं.

आजी उठल्या. निळा अंगठा लुगड्याला पुसला, काठी घेतली आणि जिभेनं टाळूवर एक आवाज काढला. तो मला लिहून दाखवता येणार नाही. एकोणचाळीस ज्येष्ठ नागरिक, त्यात एक माजी सरपंच आणि दोन माजी वर्ग एक अधिकारी, काही न विचारता उठले आणि चपला घालायला लागले. भाऊसाहेबही निघाले, कारण त्यांच्या मोटरसायकलपुढं ही सगळी मिरवणूक होती. वही त्यांच्या काखेत होती.

काकांच्या, टेकडीवरच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमननं अडवलं. "मॅडम, ॲप पे रिक्वेस्ट डाला है. सर अप्रूव नहीं कर रहे."

"कौनसे सर?"

"गावंडे सर."

म्हणजे आतला माणूस बरा आहे का हे बघायला आतल्या माणसाची परवानगी. मी त्याला सुरक्षाव्यवस्थेचा अमानुष चेहरा या विषयावर काय ते सुनवायला लागले. माझा पहिला मुद्दा संपेपर्यंत आजी आडव्या दांड्याखालून पलीकडं गेल्या होत्या आणि मागचा कळप एकेक करत वाकत होता. पंचाहत्तरीची कंबर इतकी वाकते हे कुठल्याच शिबिरात आम्हाला कळलं नव्हतं.

चौथा मजला. दार आतून बंद. बेल वाजवली, हाका मारल्या. आजींनी सगळ्यांना गप्प केलं आणि दाराला कान लावला.

"हाय," म्हणाल्या. "जिता हाय. काय तरी बडवतोय."

आमच्यातले सुतारनाना खिशात पाना-पेचकस घेऊनच हिंडतात. त्यांनी कुलूप काढलं, पाच मिनिटांत, आणि तेवढ्यात बिल्डरनं दाराला कसलं भुसा-लाकूड वापरलंय हेही सांगून झालं.

काका न्हाणीघरात होते. पहाटे पाचला घसरले होते. उजवा हात अंगाखाली वाकडा, आणि डाव्या हातात प्लॅस्टिकचा मग, तो सहा तास फरशीवर आपटत होते. मुलगा-सून परगावी, आणि शेजारची दारं आधी झोपेत, मग सगळी ऑफिसात गेलेली. ओठ सुकले होते. आजींनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, पदर ओला करून तोंडाला लावला. काकांनी डोळे उघडले, आमच्याकडं सगळ्यांकडं बघितलं, आणि हेडक्लार्क माणूस, पहिलं वाक्य काय बोलावं?

"आज तपासणी होती ना? माझी सही राहिली."

भाऊसाहेब दारात उभे होते. त्यांनी काखेतली वही काढली, उघडली, सहीवर नजर टाकली, खाली पडलेल्या माणसावर टाकली, मग माझ्यावर. वही मिटली. "ही माझ्याकडं राहील, मॅडम," एवढंच म्हणाले. खोलीची किल्लीही त्यांनी मागून घेतली. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ते गॅलरीत फोनवर बोलत होते. "आई, जेवलीस का? नाही. सहज केला."

आजींची गोधडी कुणीतरी घरून आणली आणि काकांवर घातली. या वेळी दोन्ही आमदार छातीवर आले.

त्या संध्याकाळी आम्ही बंद खोलीच्या पायरीवर बसलो, मी आणि आजी. आजी चिडतील म्हणून मी वाट बघत होते. चिडल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं. भांडायला मी कधीही तयार असते. शेवटी मीच म्हटलं, "आजी, ती सही मी केली होती. तुम्ही अंगठा लावला असता तर काका तिथंच..."

आजींनी तंबाखू मळली. मग म्हणाल्या, "डोंगराला कुंपान पडलं. चरायला जागा ऱ्हायली न्हाई. ल्योक म्हनला, इकू. येपारी टेंपो घिऊन आला. एकेक शेळी वर चडवायचा आन मोठ्यानं मोजायचा. बत्तीस." त्यांनी चिमूट तोंडात टाकली. "मला ठावंच नव्हतं, बत्तीस हायेत म्हून."

लेक आता त्याच जातीचा टेंपो मारुंजीत चालवतो. रविवारी येतो. आजी गावाच्या कडेला पत्र्याच्या एका खोलीत राहतात.

काका घरी आल्यावर मी त्यांना सांगितलं. उजवा हात प्लास्टरमध्ये होता. "चौतीस वर्षं नोकरी केली," ते म्हणाले. "माझी सही कोणी केली नव्हती, बाप्पा." ते रागावलेसुद्धा नाहीत. दुसऱ्या दिवशी मी संस्थेला तब्येतीचं कारण दिलं आणि जालन्याची गाडी धरली. फोन बंद ठेवला.

बारा दिवस आईच्या हातचं खाल्लं आणि राजीनामा लिहिला. दोन पानी. "नैतिक जबाबदारी" त्यात तीनदा होती. तेराव्या दिवशी तो पिशवीत घालून वाडीला पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. बघते तर खोली उघडी. तीन पायऱ्यांना लोखंडी नळाचा कठडा. फाटकाशी आजी एका पायावर. त्यांनी कपाळावरचा हात न काढता मला वरपासून खालपर्यंत बघितलं, शेळीला काटे भरलेत का बघावं तसं.

"वाळली," म्हणाल्या.

मी आत गेले. प्लास्टर गळ्यात अडकवून गावंडेकाका नव्या वहीपाशी बसले होते. त्यांनी सांगितलं: भाऊसाहेबांनी किल्ली परत दिली. सकाळी सहा ते नऊ पुतण्याची व्यायामशाळा, नंतर आपण. कठडाही त्यांनीच बसवून घेतला. चाळीसची अट ते पंचायतीत बघून घेणार आहेत. मात्र सह्या बंद. रोज अध्यक्षांनी तोंडी सांगायचं आणि काकांनी लिहायचं.

मी वही ओढली. काका डाव्या हातानं लिहीत होते. पाटबंधारे खात्यात गाजलेलं अक्षर पहिलीतल्या पोरासारखं झालं होतं. तारीख, आणि तारखेपुढं दोन शब्द. एक नाही. खालच्या ओळीत, एक नाही. त्याच्या खाली, एक नाही. पानभर तेच.

माझं डोकं फिरलं. "काका, हे काय आहे? इतके दिवस कुणीतरी येत नाहीये आणि तुम्ही नुसतं लिहून ठेवताय? घरी कुणी गेलं का बघायला? एवढं सगळं झाल्यावरसुद्धा? कोण आजारी आहे?"

काका चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघत राहिले. मी वळून खोलीभर बघितलं. शिंगमोड्या होते. भोरी होत्या. सुतारनाना कॅरमच्या पायाखाली पुठ्ठा सारत होते. मी मोजलं. चाळीस. फाटकातल्या आजी धरून एकेचाळीस. कुणीही कमी नव्हतं. परत मोजलं.

"रोज दिवेलागण होईस्तोवर फाटकात उभ्या राहून राहिल्या त्या," काका म्हणाले. "मी म्हणलं, घरी जा बाप्पा, सगळे गेले. तर म्हणे, सगळे न्हाई."

मी राजीनाम्याची पिशवी पाठीमागं सरकवली. संघातली मंडळी वरडीकडं बघायला कॅरम सोडून वळली.

फाटकातून आवाज आला. "मुंड्या, लिव्ह."

काकांनी पेन डाव्या हातात नीट धरलं. तारीख टाकली. मग जीभ दाताखाली धरून, एकेक अक्षर कोरत, त्यांनी "सगळे" लिहिलं. त्याला वेळ लागला. ते लिहून होईपर्यंत मी दाराशी आले, तर फाटक रिकामं होतं. आम्ही सगळे अजून आतच, आणि आजी काठी खांद्यावर टाकून पार रस्त्याच्या वळणापर्यंत गेल्या होत्या. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.